खिशातली सवत

"यात काहीच नाही, काकू. कोरा करकरीत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली आणि तिने तो काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर काउंटरवर ठेवला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "असं कसं? परवापर्यंत ठासून भरलेला होता."

"मग परवा काय झालं?"

परवा काकू चांगलं करायला गेल्या होत्या. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. नवऱ्याच्या प्लेअरमध्ये एक जुनं गाणं गुपचूप घालायचं, एवढाच बेत. लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी प्लेअर जोडला. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, काकूंनी 'हो' केलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ना? काकूंनी पुन्हा 'हो' केलं. एवढ्या अदबीने घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, नाही कशाला म्हणायचं?

"फॉरमॅट केलंत तुम्ही," दुरुस्तीवाली म्हणाली.

"ते बहिणीकडे गेलेत. आज संध्याकाळी येतील आणि आल्या आल्या हाच मागतील. कितीतरी वर्षांचं जमवलेलं आहे त्यांचं. मला काही बोलणार नाहीत ते, आणि तेच मला सोसणार नाही."

"बहिणीकडे जाताना बरोबर नाही नेला?"

"घराबाहेर नेतच नाहीत. ऐकायची मजा घरातच, म्हणतात."

दुरुस्तीवालीने प्लेअरला वायर लावली. "घाबरू नका. फॉरमॅट म्हणजे घर पाडलं असं नाही, दारावरच्या पाट्या तेवढ्या काढल्या. माणसं आतच असतात. त्यानंतर नवीन काही भरलं नाहीत ना?"

"भीतीने हातसुद्धा लावला नाही."

"शहाण्या आहात."

पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. काकू स्टुलावर टेकल्या. समोरच्या फळीवर जुने टेपरेकॉर्डर धूळ खात बसले होते. एकाच्या झाकणातून कॅसेटची तपकिरी फीत लोंबत होती. अशी फीत बाहेर आली की त्या पेन्सिल घालून, जीव मुठीत धरून ती गुंडाळत. तेव्हा गाणं हाताला लागायचं. त्यांना उगीच भरून आलं.

"काकांना गाण्याचं भारी वेड दिसतंय," दुरुस्तीवाली म्हणाली.

"वेड? मी तर याला सवत म्हणते! संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी. वारा तिथेच येतो म्हणे. खिशातला प्लेअर काढून शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर, वायरी कानात, डोळे मिटलेले. मी आपली हाका मारतेय, 'ऐकलंत का? वाढलंय!' तिसऱ्या हाकेला कानातलं काढणार आणि वर मलाच विचारणार, 'काय म्हणालीस? कानात हे होतं.'"

दोघीही हसल्या. पण काकूंचं हसू लवकर ओसरलं.

कॉलेजात असताना त्या गायच्या. एका संमेलनात दुसऱ्या कडव्याला वरच्या पट्टीत त्यांचा आवाज फाटला आणि सगळं सभागृह खो खो हसलं. त्या गाणं अर्धवट टाकून उतरल्या आणि पुन्हा म्हणून कुणासमोर गायल्या नाहीत. त्या सभागृहात न हसलेला एक मुलगा होता, पुढे त्याच्याशीच त्यांचं लग्न झालं. नव्या संसारात त्याने एकदाच विचारलं होतं, "माझ्यापुरतं गाशील?" त्या म्हणाल्या होत्या, "मेले तरी नाही." त्याने तो विषय तिथेच मिटवला.

आता त्या गात, पण नवऱ्याच्या कानात वायरी गेल्यावरच. मग स्वयंपाकघर त्यांचं एकटीचं असे. बरं वाटायचं आणि आत कुठेतरी टोचायचंही. जगातल्या सगळ्या गायिका या माणसाच्या कानात, आणि चार हातांवर उभी असलेली बायको तेवढी बाहेर. त्याने अजून एकदा विचारायला हवं होतं. एकदा नाही म्हटलं म्हणून कुणी इतकं मनावर घेतं का? म्हणूनच तर संमेलनातलं तेच गाणं, एका चांगल्या गळ्याचं, त्या प्लेअरमध्ये घालणार होत्या. निदान आठवण तरी झाली असती त्याला.

"गंमत आहे," दुरुस्तीवाली प्लेअर उलटसुलट करत म्हणाली. "आवाजाची बटणं अगदी नवी कोरी. कधी कमीजास्त करत नाहीत का काका? आणि कडेचं हे लाल बटण बघा, पार झिजलंय."

"कानात वायरी घातल्या की त्यांचा अंगठा आधी तिथेच जातो."

कॉम्प्युटरमधून टिंग असा आवाज आला. दुरुस्तीवालीने खुर्ची पुढे ओढली. "आलं की हो सगळं! फक्त नावं नाहीत, नुसत्या तारखा दिसताहेत."

काकूंचा जीव भांड्यात पडला. "नावं राहू देत गं. गाणी आहेत ना?"

"ऐकूनच बघू."

तिने स्पीकर चालू केला. नळ सोडल्याचा आवाज आला. मग एक झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं.

"हे काय? थांबा, दुसरं लावते."

दुसऱ्यात कुकरची शिट्टी झाली. विळीवर काहीतरी चिरलं जात होतं. दुरुस्तीवाली कपाळाला आठ्या घालून बंद करणार, तेवढ्यात कुणीतरी गुणगुणू लागलं. आधी दबक्या आवाजात, मग गळा मोकळा सोडून. दुसरं कडवं आलं. वरची पट्टी आली आणि आवाज तिथे अलगद जाऊन टेकला.

"काय गळा आहे!" दुरुस्तीवाली म्हणाली. "कोण हो ही?"

काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

गाणं संपलं. भांड्यावर पळी आपटली. "ऐकलंत का? वाढलंय!"

पळी पुन्हा आपटली.

"अहो, ऐकलंत का?"

अगदी जवळ, जणू यंत्राला ओठ टेकवून, कुणीतरी नाक ओढलं.

"अहो, वाढलंय म्हटलं!"

खुर्ची सरकली. घसा खाकरून एक पुरुषी आवाज म्हणाला, "काय म्हणालीस? कानात हे होतं."