सोय

पस्तीस वर्षं इस्पितळाचे जिने चढउतार केलेल्या मेट्रनबाईंचे पाय अजून ठणठणीत होते. पण एवढ्या मोठ्या विमानतळावर विमान बदलताना आई चुकेल, या धास्तीनं लेकीनं त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. "काहीही झालं तरी खुर्चीतून उठू नकोस, नाहीतर तिथेच राहशील," असा दमही फोनवरून दोनदा भरला होता.

खुर्ची ढकलणाऱ्या माणसानं त्यांना एका खांबापाशी, त्याच विमानाच्या आणखी पाच म्हाताऱ्यांच्या ओळीत लावलं आणि तो गेला तो गेलाच. दोन तास झाले. समोरून सगळं जग धावत होतं, आणि पन्नास पावलांवरचं बाथरूम बाईंना सातासमुद्रापार असल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात समोरच्या फलकावर त्यांच्या विमानापुढे लाल अक्षरं लुकलुकू लागली. गेट बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली होती.

"अहो, मी आता उठते," बाई शेजारच्या आजोबांच्या कानाशी कुजबुजल्या. "कुणाला सांगू नका, पण मला चांगलं चालता येतं."

आजोबा दचकले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "मलाही येतं हो! पण मुलानं शपथ घातलीय."

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली, आजोबांचा हात धरला आणि त्या तरातरा गेटकडे निघाल्या.



वळणावर त्यांनी मागे पाहिलं, तर सहाही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेले चौघे त्यांना गाठायला चक्क पळत येत होते.