दोऱ्याची जागा

अंतराळातल्या किरणांनी गेल्या खेपेला संगणकाची स्मृती पुसली होती, म्हणून मंगळावरच्या बौद्ध विहारासाठी सूत्र यंदा ताडपत्रावर निघालं होतं. आठशे वर्षांपूर्वीची पोथी पाहून यंत्राने सकाळभरात सगळी पानं लिहून काढली. यान संध्याकाळी सुटणार होतं.

बुद्धवंदना आटोपून यशोधरामावशी पोथी बांधायला बसल्या.

“सुगत, दोरा कुठून ओवू रे?”

यंत्र सांभाळणारा सुगत हसला. “जुन्या पानांत मधे उगाच कोरी जागा सोडली होती, मावशी. यंत्राने तिथेही लिहिलं. पानं कमी लागली!”

“मग बुद्धवचनाला भोक पाडू होय?”

“सुटीच नेऊ की.”

“तुमच्या यानात वजन राहत नाही म्हणतोस. सुटी पानं कुठे राहतील?”

सुगतचा चेहरा उतरला. “आता वेळ कुठाय?”

“सकाळभरात झालं ना? दुपारभरात पुन्हा होईल. पूर्वी आधी दोऱ्याची जागा धरायचे, मग अक्षर.”

मावशींनी कोऱ्या पानाला भोक पाडलं आणि ते यंत्रापुढे ठेवलं. लेखणी भोकापाशी आली, थबकली आणि जागा सोडून पुढे लिहू लागली.

“शहाणं आहे बघ,” म्हणत मावशींनी दुसरं पान उचललं.