विहीरवाला

दिग्विजयच्या काचेच्या कपाटात एकच खण उरला होता, आणि रत्नम्मांच्या पोत्यातून कॅसेटी निघाल्या एक्केचाळीस.

ते कपाट नवी पेठेतल्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात आहे. जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटी त्यात ओळीनं मांडलेल्या. विकायच्या नाहीत, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. दुसरं कपाट घ्यायचं नाही आणि घरात एकही कॅसेट आणायची नाही, हा बायकोचा, सुकन्याचा कायदा. तेव्हा आज निवडायची ती एकच. बाकीच्या चाळीस संध्याकाळी भंगारवाला नेणार होता, कारण उद्या रत्नम्मांच्या घराला रंग लागायचा होता.

रत्नम्मा दाराशी उजेडात बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, टीव्हीकडं पाठ. पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी गल्लीतल्या पोरांसाठी टीव्ही गेम ठेवला होता. तेव्हाही त्या अशाच पाठमोऱ्या बसायच्या. दिग्विजय तेव्हा सहावीत होता.

त्यानं बरोबर आणलेला छोटा टीव्ही आणि गेमचा डबा लावला. पहिली कॅसेट तोंडाशी धरून फुंकर मारली, खोचली. चित्र यायच्या आत मागून आवाज आला, "रणगाडे."

स्टिकरवर मोटारी होत्या. पडद्यावर रणगाडे आले.

दुसरीवर पैलवानांचं चित्र होतं. "बदकं," रत्नम्मा म्हणाल्या. "चौथ्या फेरीला अडकतंय ते. घेऊ नको."

दिग्विजयनं मुद्दाम चौथ्या फेरीपर्यंत खेळून बघितलं. अडकलं.

"अक्का, तुमी वळून बगत पन न्हाय की!"

"वळून कसं बगायचं? मान वळली की पान फाटतं. सांजच्या आत हजार विड्या द्यायच्या असायच्या कारखान्यात." त्यांची बोटं चालूच होती. "पन कोन मेलं ते कळाय पायजे की. तुमी तर लबाड, मेलं तरी रिमोट सोडत नव्हता."

खरं होतं. 'दिगू, मेलास. सोड आता,' असं पाठमोरं ऐकू यायचं आणि तो मुकाट्यानं रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा. अक्काच्या पाठीला डोळे आहेत अशी सगळ्या पोरांची खात्रीच होती. आज सदतिसाव्या वर्षी त्याला पुन्हा तसंच वाटायला लागलं.

दुपार झाली. शेवटी एक जपानी कॅसेट हाती लागली. अस्सल, स्टिकरसकट, कोरी करकरीत. अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरी नसेल. झालं काम! त्यानं ती रुमालात गुंडाळली आणि बाकीच्या पोत्यात भरायला घेतल्या.

"विहीरवाला निगाला का रं त्यात?" रत्नम्मांनी विचारलं.

निघाला होता. स्टिकर नाही, कोपरा फुटलेला, त्याला विडीचा दोरा गुंडाळून बांधलेलं. विहिरींवरून उड्या मारत जायचा गेम. घरोघरी असायचा तो तेव्हा.

"हाय की. पन तसल्या दोन हायत माज्याकडं, नव्यासारख्या."

"बरं." त्यांनी हातातल्या विडीचं तोंड मुडपलं. मग म्हणाल्या, "लाव की येकदा. भंगारात जायच्या आदी ऐकते."

एवढं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दिग्विजयनं लावला. लहानपणी सातव्या विहिरीपुढं तो कधी गेला नव्हता. आज तर चौथीतच पडला.

"तू बगतोस लई," रत्नम्मा म्हणाल्या. "डोळं मीट. बेडूक येकदा वरडला की साधी उडी. दोनदा वरडला की विहीर रुंद हाय, पळत येऊन मार."

बेडूक? या गेममध्ये बेडूक ओरडतो? इतकी वर्षं खेळून त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं डोळे मिटले. खरंच, गाण्याच्या खाली कुठंतरी बारीक 'ड्रांव' झालं. त्यानं उडी मारली. ड्रांव, ड्रांव. पळत येऊन मारली. सातवी गेली. आठवी गेली. नववीनंतर गाणंच बदललं. असलं गाणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

"आता ह्यो थांबतो जरा," रत्नम्मा म्हणाल्या. "दम खातो. हितवर तुमच्यातला येकटा जोतिराम न्यायचा."

दिग्विजयनं डोळे उघडले. खरंच, विहीरवाला काठावर थांबला होता.

"दिगू, येक इचारू?"

"इचारा की."

"दिसतो कसा रं ह्यो?"

पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही बघितला नव्हता! "अक्का," तो म्हणाला, "वळा की. बगा."

रत्नम्मांनी सूप खाली ठेवलं. अर्धी वळलेली विडी त्यात आपोआप उलगडली. गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश पूर्ण वळल्या आणि चष्मा नीट करून बघत राहिल्या. पडद्यावर बोटाच्या पेराएवढा, हिरव्या सदऱ्याचा एक जीव धापा टाकत उभा होता.

"अय्यो!" त्यांनी हात छातीवर ठेवला. "येवडासाच व्हय? आन् येवड्याशानं येवड्या विहिरी वलांडल्या?"

बराच वेळ त्या बघत होत्या. मग वळल्या, सूप मांडीवर घेतलं, नवं पान उचललं.

दिग्विजयनं रुमाल सोडला. जपानी कॅसेट पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड बांधलं. मग रिमोटची वायर ओढून घेत तो टीव्हीकडं पाठ करून रत्नम्मांच्या शेजारी दाराशी बसला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता जमंल. दोन जीव हायत अजून."