बाबांना चुरचुरणारं पाणी

सासूबाई गेल्या आणि बाबांना आम्ही आमच्याकडे घेऊन आलो. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे त्यांचा पलंग हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. आतून कडी लावता येईल अशी त्यांना एकच जागा होती, बाथरूम. रोज अंघोळ करून ते लाल डोळ्यांनी बाहेर यायचे आणि म्हणायचे, "पाणी फार जड आहे बुवा तुमच्याकडचं. डोळे चुरचुरतात."

माझ्या नवऱ्यानं ते मनावर घेतलं. नळांवर क्षारांचे पांढरे थर होतेच. पण पाणी मऊ करणारा सॉफ्टनर निवडायला बसलो, तर बाबांनी प्रत्येकात खोड काढली. एकात सारखं मीठ घालत बसावं लागतं, दुसरा निम्मं बाथरूम अडवतो, तिसऱ्याचं नावच कधी ऐकलेलं नाही. "राहू दे रे, माझं काही अडलेलं नाही," हे पालुपद तर रोजचंच. शेवटी नवरा वैतागला आणि त्यांना न विचारताच एक बसवून मोकळा झाला.

काल बाबा अंघोळ करून बाहेर आले, तर हा दारातच उभा.

"काय बाबा, आता नाही ना चुरचुरत?"

बाबांनी त्याच्या खुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टॉवेल तोंडावर धरला. "छे. एकदम मऊ झालंय पाणी."

 

आज सकाळी ते ओट्यापाशी आले, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाले, "यापुढे घरातला कांदा मी चिरणार."