पान बेचाळीस

विज्ञानकथांच्या मासिकाची मुद्रितं तपासणाऱ्या बाई त्या खडूस वाचकाला पुरत्या ओळखून होत्या. अंक निघाला की चुका दाखवणारं त्याचं पोस्टकार्ड आलंच म्हणून समजा.

या खेपेला मात्र अंक छापायला जायच्या आधीच कार्ड आलं. "पान बेचाळीस. यानात माणसं तीन नाहीत, चार आहेत."

बाई चक्रावल्या. "अहो, हे पान आपल्या तिघांखेरीज कुणी पाहिलंय?"

"छे!" संपादक म्हणाले. चित्रकारानेही मान हलवली.

हस्तलिखितात लेखकाच्या अक्षरात चक्क चार माणसं होती. काल तर तीनच होती! डोकं खाजवत बाईंनी चूक सुधारली.

तेवढ्यात चहावाल्याने टेबलावर चार वाफाळते कप ठेवले.

"अरे, आम्ही तिघंच ना?"

"रोज चारच तर देतो, बाई."

जादाचा कप परत करायला बाईंनी उचलला. तो रिकामा होता.