लिंबाखालचा दगड

फुलंब्रीत लक्ष्मीबाईंच्या अंगणात चहा पिताना, मराठी शिकलेली फ्रेंच पाहुणी मादलेन आपल्या गावाबद्दल सांगत होती. "आठशे वर्षांचा मठ होता. तो पडला, तसे लोकांनी दगड नेऊन घरं बांधली. माझ्या गोठ्याच्या भिंतीत एक कोरलेला संत आहे."

लक्ष्मीबाईंनी कानांना हात लावले. "देवाघरचा दगड गोठ्यात? लई पाप, बाई!"

मादलेन ओशाळून कप विसळायला उठली. लिंबाखालचा धुण्याचा दगड डुगडुगत होता. खाली खापरी सारावी म्हणून तिनं तो कडेनं उचलला, तर खालून कोरीव हत्ती सोंड वर करून बघत होता.

लक्ष्मीबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचं निराळं हाय. पडक्या देवळापाशी उन्हात पडला व्हता बिचारा. आम्ही त्याला सावलीला आणलं."