न्हाय

संवादशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना सांगितलं, "नुसत्या शब्दांवर जाऊ नका, बोलीकडे कान द्या. माणूस ज्याच्यापाशी मोकळा होतो, त्याच्याशीच तो घरच्या बोलीत बोलतो."

अलिबागच्या रुचिकाने कान दिला, आणि तिथेच घोटाळा झाला. कँटीनमध्ये तिचा प्रणय, जवळच्याच थळ गावचा, काशीदच्या कोळीवाड्यातल्या ऋतिकाला हसत हसत सांगत होता, "न्हाय गो, आय घरी न्हाय. म्हावरं घेऊन मासळीबाजारात गेली हाय." रुचिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. बारावीपासून आपल्याबरोबर फिरतोय, पण आपल्याशी बोलताना कसा पाठ्यपुस्तक वाचल्यासारखा बोलतो! आणि ही काल आलेली ऋतिका एवढी घरची झाली?

ती तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेली. "माझ्याशी कधी बोललास का रे असा?"

प्रणय गडबडला. "न्हा..." एवढं तोंडातून निघालं, तोच त्याने जीभ चावली आणि सावकाश, नीट म्हणाला, "नाही गं, तसं काही नाही."



त्याच्या तोंडचं 'न्हाय' चारचौघांत टोकून टोकून रुचिकानेच घालवलं होतं.